आरसा नेमका कुणाकडे धरलाय?

‘ब्लॅक मिरर’ पहिल्यासारखी राहिली नाही, असं आता सगळेच म्हणतात. का, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं: नेटफ्लिक्सने घेतली, अमेरिकन झाली, वाट लागली. मला हे कारण अर्धवट वाटतं. मालिका घसरली हे खरं. पण जो आरसा तिने आधी बघणाऱ्याच्या तोंडासमोर धरला होता तो तिने हळूच बाजूला वळवला, आणि घसरण तिथून सुरू झाली. हे एका इंग्रजी मालिकेपुरतं नाही. म्हणूनच आज नगरपालिका आणि पाणीपट्टी बाजूला ठेवून यावर लिहितोय.

पोस्ट लांब आहे. आणि ज्यांना मालिका अजून बघायची आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं, कारण पुढे शेवटांसकट सगळं सांगितलंय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘ब्लॅक मिरर’ ही मूळची ब्रिटनची सायन्स फिक्शन मालिका. प्रत्येक एपिसोडची गोष्ट वेगळी, माणसं वेगळी. नावाचा अर्थ सोपा आहे. टीव्ही किंवा मोबाइल बंद केला की समोर काळी काच उरते आणि तिच्यात आपलंच तोंड दिसतं. लिहिणारा चार्ली ब्रूकर. हा गडी मुळात आमच्याच धंद्यातला. आधी व्हिडिओ गेमच्या मासिकात लिहायचा, मग ‘गार्डियन’मध्ये टीव्हीवर तिरकस कॉलम, पुढे बीबीसीवर ‘न्यूजवाइप’ नावाचा कार्यक्रम. त्यात न्यूज चॅनेल्स बातमी कशी शिजवतात याची चिरफाड असायची. म्हणजे मालिकेचा पाया विज्ञानापेक्षा पत्रकारितेचा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिसेंबर २०११ मध्ये चॅनल फोरवर पहिला एपिसोड आला, ‘द नॅशनल अँथम’. राजघराण्यातली राजकन्या पळवली जाते. पळवणाऱ्याची एकच अट असते. पंतप्रधानाने लाइव्ह टीव्हीवर डुकराशी संभोग करायचा. वाचताना शिसारी येते, बघतानाही येते. सरकार बातमी दाबायला बघतं, पण व्हिडिओ तोवर लोकांच्या फोनवर पोचलेला असतो. सकाळी लोक पंतप्रधानाच्या बाजूने असतात, दुपारपर्यंत वारं फिरतं. शेवटी तो खरोखर कॅमेऱ्यासमोर जातो. रस्ते ओस पडलेले, सगळा देश पबमध्ये, दवाखान्यात, ऑफिसात टीव्हीला डोळे लावून बसलेला. आणि मग कळतं, की राजकन्येला अर्धा तास आधीच सोडून दिलेलं होतं. ती पुलावरून चालत होती. बघायला कुणी नव्हतं, कारण सगळे टीव्ही बघत होते.

यात भविष्यातलं एकही यंत्र नाही. यूट्यूब, ट्विटर, टीव्ही आणि माणसाची जित्याची खोड, बस. सायन्स फिक्शन म्हणून मालिका सुरू होते आणि पहिल्याच भागात विज्ञानाची कल्पित गोष्टच नाही! पंतप्रधान बळी, पळवणारा गुन्हेगार, सगळं ठीक आहे. पण आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभं आहे? घरात बसून बघणारा. म्हणजे आपण.

पहिल्या दोन सीझनचं हेच बळ होतं. दुसऱ्या सीझनमधला ‘व्हाइट बेअर’ घ्या. एका बाईला काही आठवत नाही, लोक तिच्या मागे हत्यारं घेऊन लागलेत, आणि बाकीचे मदत न करता मोबाइलवर शूट करतायत. शेवटी उलगडतं की ही तिची शिक्षा आहे. एका लहान मुलीचा छळ होत असताना तिने तो शूट केला होता. आता रोज तिची आठवण पुसून हाच खेळ पुन्हा, आणि लोक तो बघायला कुटुंबासकट येतात. गुन्हा शूट करण्याचा, शिक्षाही शूट करण्याची. गुन्हेगार आणि प्रेक्षक यांच्यात फरक काय उरला, हे मालिका सांगत नाही, नुसतं दाखवते. हायवेवर अपघात झाला की आधी ॲम्ब्युलन्सला फोन जातो की आधी व्हिडिओ ग्रुपवर जातो, हे आपल्याला माहीत आहे. २०१३ च्या एपिसोडला आपल्या हायवेची माहिती नव्हती. तरी तो आपल्यावरच होता.

त्याच सीझनचा ‘बी राइट बॅक’. प्रियकर अपघातात जातो. एक कंपनी त्याच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट, मेल, आवाज यांच्यावरून त्याची नक्कल तयार करते. आधी चॅट, मग फोनवर आवाज, मग चक्क शरीर. प्रेयसीला काही दिवस बरं वाटतं. मग तिला कळतं की याच्यात तो फक्त वरवरचा आहे, जेवढा त्याने जगाला दाखवला तेवढाच. शेवटी ती त्या नकलेला माळ्यावर ठेवते. फेकवत नाही, जवळही ठेववत नाही.

आता तारखा बघा. मालिकेचा सातवा सीझन आला १० एप्रिल २०२५ ला. त्यानंतर सहाच दिवसांनी नाशिकला उद्धव ठाकरे गटाच्या शिबिरात एआयने तयार केलेल्या बाळासाहेबांच्या आवाजात भाषण ऐकवलं गेलं. पक्ष कुठला हे बाजूला ठेवा. त्याच्या आधी जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत द्रमुकच्या कार्यक्रमात करुणानिधी एआयने बोलते झाले होते. उद्या सगळेच करतील. पण प्रश्न तोच, २०१३ चा. गेलेला माणूस बोलतोय की आपल्याला त्याच्या तोंडून जे ऐकायचंय ते ऐकवलं जातंय? बारा वर्षं आधी लिहिलेला एपिसोड आजच्या बातमीला असा चिकटतो, तेव्हा त्याला दर्जा म्हणतात.

तिसरं उदाहरण ‘द वॉल्डो मोमेंट’. टीव्हीवरचं एक निळं कार्टून अस्वल पोटनिवडणुकीला उभं राहतं. धोरण नाही, कार्यक्रम नाही, फक्त समोरच्या उमेदवाराची टर उडवायची आणि शिव्या द्यायच्या. लोक खूश. अस्वलाला आवाज देणारा नट स्वतःच घाबरतो, लोकांना सांगायला जातो की मला मत देऊ नका. ऐकतंय कोण? अस्वल दुसऱ्या नंबरवर येतं, आणि शेवटी ते जगभर विकलं जाणारं हत्यार होतं. तेव्हा बऱ्याच समीक्षकांना हा एपिसोड कच्चा वाटला होता. बांधणी कच्ची आहेच. पण पुढच्या काही वर्षांत जगभरच्या निवडणुका बघितल्यावर लोकांनी तो पुन्हा काढून पाहिला. आपल्याकडच्या प्रचारसभा आठवा. कोणत्या भाषणाची क्लिप फिरते? पाण्याच्या योजनेची की नकलेची?

आता नेटफ्लिक्सकडे येऊ. २०१५ मध्ये नेटफ्लिक्सने एकदम बारा एपिसोडची ऑर्डर दिली. पुढच्या वर्षी खुद्द ब्रिटनमधले दाखवायचे हक्कही चॅनल फोरच्या हातून गेले. बोली ४ कोटी डॉलरची होती असं छापून आलं. ज्या चॅनेलने मूल जन्माला घातलं त्यालाच ते परवडेना. तिसरा सीझन आला ऑक्टोबर २०१६ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं होतं आणि सप्टेंबरात जिओ. म्हणजे आपल्यासारख्या गावातल्या पोरांच्या हातात डेटा आला आणि ‘ब्लॅक मिरर’ आली, दोन्ही साधारण एकाच वेळी. आपल्याकडे बहुतेकांची ओळख या तिसऱ्या सीझनपासूनची, तीही मोबाइलच्या काळ्या काचेवर.

आणि तो सीझन वाईट होता का? अजिबात नाही. ‘सॅन हुनिपेरो’ला २०१७ चे दोन एमी मिळाले, आणि ते योग्यच होते. ‘नोजडाइव्ह’मध्ये प्रत्येक माणूस दुसऱ्याला पाचपैकी मार्क देतो, आणि घरभाड्यात सवलत मिळवायलाही साडेचारचं रेटिंग लागतं. आज पार्सल आणणारा पोरगा जिना उतरताना ‘फाइव्ह स्टार द्या दादा’ म्हणतो तेव्हा मला तोच एपिसोड आठवतो. ‘शट अप अँड डान्स’मध्ये वेबकॅमवरून एका मुलाला पकडून ब्लॅकमेल करतात. असले व्हिडिओ कॉलचे प्रकार आता इतके झालेत की सायबर पोलिसांकडे लोक लाजेपोटी जात नाहीत आणि पैसे भरत राहतात. हे तिन्ही नेटफ्लिक्सच्या पैशातले. उलट चॅनल फोरच्या काळातला ‘वॉल्डो’ कच्चा. त्यामुळे ‘पैसा आला, कला गेली’ हे गणित इथे बसत नाही.

मग दुसरं कारण सांगतात: फार लिहायला लागलं, रस संपला. यात तथ्य आहे. डिसेंबर २०११ ते डिसेंबर २०१४, तीन वर्षांत सात एपिसोड. नंतर ऑक्टोबर २०१६ ते डिसेंबर २०१७, सव्वा वर्षात बारा. लिहिणारा जवळपास एकटाच. विहीर किती उपसणार? पण मग २०१९ चा पाचवा सीझन बघा. फक्त तीन एपिसोड, पहिल्या सीझनइतकेच. तरी तो सगळ्यात फिका. म्हणजे आकड्यानेही पूर्ण उत्तर मिळत नाही.

माझ्या मते उत्तर दोन एपिसोड शेजारी ठेवले की मिळतं. दोन्हींत कल्पना तीच आहे: माणसाच्या आठवणी सिनेमासारख्या परत बघता येतात.

पहिला, २०११ चा ‘द एन्टायर हिस्टरी ऑफ यू’. कानामागे एक छोटी वस्तू बसवलेली, पाहिलेलं सगळं साठवणारी. एका पार्टीत नवऱ्याला शंका येते की बायको त्या अमुक माणसाकडे बघून जरा जास्तच हसली. तो ते हसू परत परत बघतो. झूम करून बघतो. रात्रभर बघतो. शंका खरी निघते, घर मोडतं. रिकाम्या घरात तो जुन्या आठवणी लावून बसतो आणि शेवटी ब्लेडने ती वस्तू कापून काढतो. यंत्राने काय केलं? काही नाही. त्याने फक्त दाखवलं. संशय त्याचा होता, आणि तो परत परत बघण्याचा कंडही त्याचाच. बायकोचा ‘लास्ट सीन’ तपासणारा नवरा आपल्या गल्लीत नाही असं कोण म्हणेल?

दुसरा, २०१७ चा ‘क्रोकोडाइल’. आइसलँडचं बर्फ, डोळ्यांचं पारणं फिटावं असं शूटिंग. विमा कंपनीची बाई यंत्राने साक्षीदारांच्या आठवणी तपासते. एका नामांकित आर्किटेक्टबाईला जुना खून लपवायचाय, म्हणून ती त्या बाईला मारते, मग तिच्या नवऱ्याला, मग तान्ह्या बाळालाही. बाळ जन्मापासून आंधळं होतं, म्हणजे ते साक्षीदार असूच शकत नव्हतं, हे नंतर कळतं. आणि शेवटी खोलीतल्या पिंजऱ्यातल्या गिनिपिगच्या आठवणीवरून ती पकडली जाते. हुशारी आहे, धक्का आहे. पण बघून उठल्यावर मनात काय उरतं? ती बाई दुष्ट होती, एवढंच. आपण सुटलो. आपण काही चार खून करत नाही.

तंत्र तेच, लेखनाची खोली वेगळी. पहिल्या एपिसोडनंतर आपण आपला फोन जरा लाजून खाली ठेवतो. दुसऱ्यानंतर आपण म्हणतो, ‘काय भारी शेवट होता!’ आणि पुढचा एपिसोड आपोआप सुरू होतो.

हेच पुढे वाढत गेलं. माणसाच्या मनाची डिजिटल नक्कल करून तिला कोंडायचं, ही कल्पना २०१४ च्या ‘व्हाइट ख्रिसमस’मध्ये अंगावर काटा आणणारी होती. मग ती ‘यूएसएस कॅलिस्टर’मध्ये आली, ‘ब्लॅक म्युझियम’मध्ये आली, पाचव्या सीझनमध्ये बाहुलीत आली. पहिल्यांदा नक्कल किंचाळते तेव्हा आपण हादरतो. चौथ्यांदा किंचाळते तेव्हा आपण म्हणतो, अच्छा, तेच होय. ‘यूएसएस कॅलिस्टर’ चांगला जमला, कारण त्यात ऑफिसात मान खाली घालून वावरणारा आणि आपल्या गेममध्ये हुकूमशहा होणारा माणूस होता. असा माणूस आपण पाहिलेला असतो, तो कमेंटमध्ये भेटतो. जिथे ओळखीचा माणूस होता तिथे कल्पना पुन्हा जिवंत झाली. जिथे नुसतं यंत्र होतं तिथे ती भुशासारखी झाली.

२०२० मध्ये कोविडच्या काळात ब्रूकर म्हणाला होता की समाज कोसळण्याच्या गोष्टी ऐकायची लोकांची सध्या तयारी असेल असं वाटत नाही. खरंच होतं. बाहेरच एपिसोड चालू होता. सहावा सीझन आला तो थेट २०२३ मध्ये, आणि त्यात मालिकेने अर्धं तंत्रज्ञानच सोडून दिलं. एका भागात माणसाचा लांडगा होतो, एकात सैतान येतो. चाहते चिडले. पण त्याच सीझनमध्ये ‘लॉक हेन्री’ आहे. एक तरुण जोडपं गावातल्या जुन्या खुनांवर डॉक्युमेंटरी करायला जातं आणि खुन्याचा माग स्वतःच्याच घरात निघतो. मुलाची मैत्रीण जाते, आई जाते, आणि डॉक्युमेंटरीला मोठा पुरस्कार मिळतो. पुरस्कार सोहळ्यात सगळे टाळ्या वाजवतात, तो मात्र एकटा. नेटफ्लिक्सच्याच खुनी डॉक्युमेंटऱ्यांना मारलेली ही चपराक आहे, आणि आम्हा बातमीदारांनाही. कुणाच्या घरातल्या मरणावर आपण आपला दिवस साजरा करतो, हे आम्हाला कुणी विचारत नाही. या एपिसोडने विचारलं.

आणि मग २०२५ चा सातवा सीझन, त्यातला पहिलाच भाग ‘कॉमन पीपल’. नवरा बांधकामावर वेल्डिंग करणारा, बायको शाळेत शिक्षिका. बायकोच्या डोक्यात गाठ निघते. एक कंपनी म्हणते, ऑपरेशन फुकट. तिच्या मेंदूचा खराब भाग आम्ही आमच्या सर्व्हरवरून चालवू, फक्त महिन्याला ३०० डॉलर भरा. भरतात बिचारे. मग कळतं की रेंजच्या बाहेर गेलं की ती बंद पडते. मग प्लॅन बदलतो, जुना प्लॅन खालच्या दर्जाचा होतो, आणि वर्गात शिकवता शिकवता ती मधेच जाहिरात बोलायला लागते. जाहिरात नको असेल तर वरचा प्लॅन घ्या. पैशासाठी नवरा एका साइटवर अनोळखी लोकांसमोर स्वतःची विटंबना करून घेतो, अगदी स्वतःचा दातसुद्धा उपटतो. शेवट सांगवत नाही.

हा एपिसोड नेटफ्लिक्सवर बघायचा, म्हणजे दर महिन्याला प्लॅनचे पैसे भरूनच बघायचा, हा विनोद ब्रूकरने मुद्दाम केला असणार. भारतात २०१९ मध्ये १९९ रुपयांचा मोबाइल प्लॅन आला, २०२१ च्या डिसेंबरात तो १४९ झाला. सिनेमासाठी हे ठीक आहे. पण हेच गणित औषधाला लावलं तर? आपल्या तालुक्यात आजारपणासाठी सोनं गहाण ठेवणारी, गुंठे विकणारी माणसं आपण रोज बघतो. व्हॉट्सॲपवर आजारी लेकराचा फोटो आणि खाली क्यूआर कोड, हे आता नवीन राहिलेलं नाही. पैसे हवेत तर दुःख दाखवा. ‘कॉमन पीपल’मधला नवरा वेगळं काय करतो?

म्हणजे चौदा वर्षांनी, सात सीझननंतर, तोच लेखक, त्याच कंपनीच्या पैशाने, पुन्हा तेवढाच चटका देणारं लिहू शकला. पैसा तोच, प्लॅटफॉर्म तोच. बदललं काय? आरसा पुन्हा बघणाऱ्याकडे वळला. यंत्र मागे गेलं, महिनाअखेरचा हिशेब पुढे आला.

सातव्या सीझनचे सगळे एपिसोड असे आहेत असं नाही. काही जमलेत, काही जुनंच दळण आहे. पण यातून एक कसोटी मिळते आणि ती मी आता सगळीकडे लावून बघतो. गोष्ट असो की बातमी, ती संपल्यावर बोट कुणाकडे जातं? ‘ते लोक कसे आहेत बघा’ असं वाटलं तर आपली करमणूक झाली. ‘मी काय करतोय’ असं वाटलं तर काहीतरी हाती लागलं.

आमच्या धंद्याचेही सीझन असतात. गावातली छोटी वर्तमानपत्रं, मग केबलचं लोकल चॅनेल, मग फेसबुक लाइव्ह, आता यूट्यूब आणि रील. प्रत्येक वेळी पोच वाढली, कॅमेरा चांगला झाला, ड्रोनसुद्धा आला. सुरुवातीच्या बातम्या खराब कागदावर आणि हललेल्या फोटोंसह यायच्या, पण वॉर्डातला माणूस त्यात स्वतःला शोधायचा. आज व्ह्यूज लाखात जातात ते कुठल्या बातमीला? दुसऱ्या जिल्ह्यातल्या भांडणाला, कुणाच्या तरी घरातल्या भानगडीला, ज्याच्याशी आपला काही संबंध नाही आणि म्हणून जी बघायला सोपी जाते. आपल्याच गावातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर किती दिवस नाही, ही बातमी टाकली की शंभर लोक बघतात आणि दोन जण शेअर करतात. हे लोकांना शिव्या घालण्यासाठी लिहीत नाही. बातमी देणाऱ्यानेच ड्रोन वर नेला आणि आरसा खाली ठेवला, तर बघणारा तरी काय करणार? त्याला जे दाखवाल ते तो बघेल.

‘नॅशनल अँथम’मधली राजकन्या अर्धा तास पुलावर मोकळी फिरत होती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, यातलं भयंकर काय, ते तंत्रज्ञान नाही. खरी गोष्ट एका ठिकाणी घडत होती आणि सगळ्यांचे डोळे दुसरीकडे होते. आपल्या गावात आत्ता अशी कुठली गोष्ट मोकळ्या पुलावरून चालली आहे, जिच्याकडे आपण कुणीच बघत नाही?

कमेंटमध्ये सांगा. मालिकेबद्दल सांगितलंत तरी चालेल, तुमचा आवडता आणि नावडता एपिसोड कुठला ते लिहा. पण त्या पुलाबद्दल सांगितलंत तर जास्त बरं होईल. पुढची बातमी तिथूनच काढतो.